पुश-बटणची गाडी रात्री रस्त्यावर असते, किल्लीचं पाकीट घेतलं की झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली आहे, किल्ली खिशात असली की दार उघडतं आणि बटण दाबून गाडी सुरू होते. सोसायटीत एकच पार्किंग आहे आणि त्यात आधीची गाडी असते, त्यामुळे ही रात्री कोथरूडच्या गल्लीत उभी राहते. सिग्नल अडवणारं पाकीट ऑनलाइन मागवलंय आणि शोरूमवाले जीपीएस ट्रॅकर घ्या म्हणतायत. एवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. पाकीट वापरा, पण ते चोरीची एकच वाट बंद करतं आणि बाकीच्या उघड्या राहतात. मी चाकणला गाड्यांच्या वायरिंग आणि किलेस सिस्टीमच्या टेस्टिंगमध्ये काम करते. लोक पाकिटावर विसंबून निर्धास्त झोपतात हे मला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ही किल्ली कशी चालते ते बघू. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी दारातल्या अँटेनातून साधारण 125 किलोहर्ट्झवर हाक देते. ही हाक मुद्दाम तोकडी ठेवलेली असते, दारापासून एक-दीड मीटर. ती पोहोचली की किल्ली जागी होते, गाडीने पाठवलेल्या आकड्यावरून आतल्या गुप्त सूत्राने उत्तर काढते आणि 433 मेगाहर्ट्झवर परत पाठवते. उत्तर जुळलं की दार उघडतं. सूत्र भक्कम आहे, पण हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळच आहे असं गाडी धरून चालते. चोर नेमका याचाच फायदा घेतो. एक जण गाडीच्या हँडलपाशी थांबतो, दुसरा मोठा अँटेना घेऊन तुमच्या घराच्या दाराशी, आणि दोघं मिळून ती तोकडी हाक किल्लीपर्यंत पोहोचवतात. कोड फोडायची गरजच पडत नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून पाहिलं आणि दहाही गाड्या फसल्या. 2017 मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी सोलिहलमधल्या एका मर्सिडीजच्या चोरीचं फुटेज जाहीर केलं. त्यात दोघं जण हातात डबे घेऊन येतात आणि बघता बघता गाडी घेऊन जातात. एकदा इंजिन सुरू झालं की किल्ली लांब गेली तरी ते बंद पडत नाही. भर हायवेवर किल्लीचा सेल संपून इंजिन थांबलं तर माणसं मरतील, म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं. चोराला मात्र त्यामुळे गाडी हवी तेवढी लांब नेता येते.

ही चोरी मुख्यतः बैठ्या घरांपुढची. इंग्लंडमध्ये गाडी अंगणात आणि किल्ली दारामागच्या खुंटीला असते. तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल आणि गाडी पलीकडच्या गल्लीत असेल, तर चोराचा अँटेना किल्लीपर्यंत पोहोचणं खूप अवघड. बंगला, रो-हाउस किंवा तळमजला असेल तर मात्र धोका खरा आहे. मॉलमध्ये बिलाच्या रांगेत तुमच्या मागे पिशवी घेऊन कोणीही उभं राहू शकतं, त्यामुळे पाकीट घराबाहेरही जवळ असू द्या.

पाकीट आलं की लगेच तपासा. किल्ली आत घाला, वरची पट्टी नीट बंद करा, ड्रायव्हरच्या दाराशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट परत पाठवा. नाही उघडलं तर किल्ली बाहेर काढून दार उघडा, ती पुन्हा पाकिटात घालून आत बसा आणि स्टार्टचं बटण दाबा. गाडीने किल्ली सापडत नसल्याचा मेसेज दाखवला पाहिजे. या पाकिटांत धातूच्या धाग्यांचं कापड असतं आणि रोज उघडझाप करून ते घडीवर तुटतं. बाहेरून पाकीट नवंकोरं दिसतं, आतून सिग्नल गळत असतो. म्हणून महिन्यातून एकदा हीच तपासणी करा. पत्र्याच्या डब्यालाही हाच नियम: झाकण घट्ट बसत असेल तर चालतो, पण तपासल्याशिवाय धरून चालू नका.

दुसऱ्या किल्लीचं काय, हे फार कमी लोक विचारतात. कपाटात पडलेली स्पेअर किल्लीही तेवढीच जागी असते. तिच्यातला सेल काढून ठेवा. सेल नसला तर ती हाकेला उत्तर देऊ शकत नाही, आणि अडचणीच्या वेळी तरीही उपयोगी पडते: आतल्या धातूच्या पात्याने दार उघडतं आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात. तुमच्या गाडीत ती नेमकी कुठे टेकवायची हे मॅन्युअलमध्ये बघून एकदा करून पाहा.

किल्लीलाच झोपवायची सोयही काही गाड्यांत असते. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांवर लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की सेल वाचवायचा मोड सुरू होतो आणि किल्ली हाकेला उत्तर देणं थांबवते. फोर्डने 2019 मध्ये युरोपात अशा किल्ल्या आणल्या की त्या 40 सेकंद हलल्या नाहीत तर आपोआप झोपतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये किलेस बंद करण्याबद्दल काही आहे का ते शोधा. असेल तर पाकिटापेक्षा ते चांगलं.

आता दुसरी वाट, जी आपल्या देशात जास्त महत्त्वाची आहे. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे काय सापडतं ते बातम्यांत वाचा: किल्ली प्रोग्राम करायचे टॅबलेट, कोऱ्या किल्ल्या, गाड्यांचे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारे कंप्युटर. किल्ली घरात पाकिटात असो की लॉकरमध्ये, यांना तिच्याशी देणंघेणंच नाही. ते काच फोडतात, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला टॅबलेट जोडतात आणि गाडीला नवी किल्ली ओळखायला लावतात. हे तेच सॉकेट जिथे सर्व्हिस सेंटरवाला स्कॅनर लावतो. जून 2025 मध्ये दिल्लीच्या सफदरजंग एन्क्लेव्हमधून क्रेटा चोरीला गेल्याचं सीसीटीव्ही फुटेज सगळीकडे फिरलं. त्यात आधी काच फोडून काम उरकलं, मग थोड्या वेळाने परत येऊन गाडी नेली. तिथे पाकिटाने काहीच वाचलं नसतं.

तिसरी वाट आपल्याकडे तितकी ऐकू येत नाही, पण तिची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. लंडनमध्ये इयन टेबर नावाच्या सायबर सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा आरएव्ही4 2022 मध्ये चोरीला गेली. चोरी व्हायच्या आधी त्यांना बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर सुटलेली दिसली होती, आणि कोणी उगाच नासधूस केली असं वाटलं होतं. गाड्यांच्या कंप्युटर नेटवर्कचे जाणकार केन टिंडेल यांच्याबरोबर त्यांनी नंतर शोध घेतला. चोर हेडलाइटच्या कनेक्टरमधून गाडीच्या कॅन लाइनमध्ये शिरत होते. गाडीतले सगळे कंप्युटर आपसात ज्या दोन तारांवर बोलतात ती ही लाइन. तिच्यावर ‘किल्ली बरोबर आहे, दार उघड’ असा खोटा मेसेज सोडला जात होता. ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. तेव्हा पुढच्या चाकाजवळचा बंपर सुटलेला दिसला किंवा हेडलाइटचा कनेक्टर लोंबताना दिसला, तर उंदीर किंवा पोरांवर ढकलून मोकळे होऊ नका. त्या रात्री गाडी दुसरीकडे लावा.

तिन्ही वाटा अडवणारी एकच गोष्ट आहे आणि ती जुनीच आहे: लोखंड. कंप्युटर फसवून इंजिन सुरू होईल, पण गिअर हलला नाही किंवा स्टिअरिंग वळलं नाही तर गाडी जाणार कुठे? तुमच्या ऑटोमॅटिकला हाताने सरकवायचा गिअर लीव्हर असेल तर मजल्याला बोल्ट करून बसवलेला गिअर लॉक घ्या. गोल नॉब किंवा बटणांचा गिअर असेल तर तो बसत नाही, मग स्टिअरिंग लॉक किंवा ब्रेक पेडलचा लॉक. पेडलचा लॉक कापायला चोराला पायापाशी वाकून ग्राइंडर चालवावा लागतो, म्हणून तो मला जास्त आवडतो. स्टिअरिंगचा लॉक मात्र काचेतून दिसतो आणि चोराने पुढची गाडी बघावी एवढंच तर आपल्याला हवं असतं. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी दोन्ही लावीन. यांच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीच्या रिंगमध्ये अडकवू नका आणि जादाची किल्ली ग्लोव्ह बॉक्समध्ये तर मुळीच ठेवू नका.

ओबीडी सॉकेटवर बसणारं लोखंडी झाकणही मिळतं. त्याने चोराची काही मिनिटं जातात, आणि रस्त्यावर काही मिनिटं म्हणजे पुष्कळ. सर्व्हिसिंगला देताना त्याची किल्ली द्यायला विसरू नका, नाहीतर स्कॅनर लावायला तुम्हालाच बोलावतील.

कट-ऑफ स्विचबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. फ्युएल पंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या भागावर, लपवलेला स्विच खरंच काम करतो: तो बंद असला की इंजिनला पेट्रोल मिळत नाही. तो लावायचा तर रिलेच्या कंट्रोलच्या बारीक तारेवर लावावा, पंपाचा पूर्ण करंट ज्या तारेतून जातो तिच्यावर नाही, आणि चालत्या गाडीत चुकून हात लागेल अशा जागी नसावा. जोड नीट क्रिंप केलेला, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवलेला हवा. तारा पिळून वर टेप गुंडाळलेले जोड माझ्या टेबलावर कितीतरी येतात: टेपचा डिंक उन्हाने वितळलेला असतो, आतलं तांबं काळं पडलेलं असतं आणि बाजूचं इन्सुलेशन भाजलेलं असतं. गाडीला आग लागायला असा एक जोड पुरतो. नवी गाडी असल्यामुळे वॉरंटीचाही प्रश्न आहे. सर्व्हिस सेंटर लेखी होकार देत नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

ट्रॅकर घ्यावा का? घ्या, पण तो चोरी थांबवत नाही, झाल्यावर मदत करतो. कंपनीच्या ॲपवर चालणारं युनिट कुठे असतं हे टोळ्यांना पाठ असतं आणि ते सगळ्यात आधी काढलं जातं. वेगळा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर शोरूमने ठरवलेल्या जागी न बसवता दुसरीकडे कुठेतरी लपवा. एअरटॅगवर, म्हणजे ॲपलच्या छोट्या ट्रॅकरवर, एकट्यावर भिस्त ठेवू नका: अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय अशी सूचना फोनवर येते, आणि ती चोराच्या फोनवरही येते.

आणखी एक सवय लावून घ्या. बाजारात किंवा टोलनाक्यावरच्या हॉटेलापाशी गाडी लॉक करताना इंडिकेटर लुकलुकले आणि आरसे मिटले हे डोळ्यांनी बघा. कोणी जॅमर लावून बसलं असेल तर रिमोटचा सिग्नल गाडीपर्यंत जात नाही आणि आपण पाठ फिरवून निघून जातो. खात्रीसाठी हँडल ओढून बघितलं, तर खिशातल्या किल्लीमुळे काही गाड्या परत उघडतात, म्हणून नजरेने बघणंच बरं. व्हॅले पार्किंगवाल्याला, धुणाऱ्याला किंवा अनोळखी गॅरेजला किल्ली तासन्‌तास देऊ नका. किल्ली आणि गाडी दोन्ही हातात असतील तर नवी किल्ली नोंदवायला फार वेळ लागत नाही. गाडीत किती किल्ल्या नोंदवलेल्या आहेत हे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसतं. दर सर्व्हिसिंगला तो आकडा विचारा. तुमच्याकडे दोन असताना तिथे तीन दिसल्या तर सगळ्या पुसून नव्याने नोंदवून घ्या.

शेवटी इन्शुरन्स, कारण हे सगळं करूनही गाडी जाऊ शकते. चोरीचा क्लेम आयडीव्हीइतका, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतका मिळतो. सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीत 15 टक्के घट धरतात, दुसऱ्या वर्षी 20, आणि रोड टॅक्स तर त्यात धरतच नाहीत. नवी गाडी आहे, रस्त्यावर उभी राहते, तर रिटर्न टू इनव्हॉइस कव्हर, म्हणजे बिलाची पूर्ण किंमत मिळवून देणारं, घ्याच. माझ्या मते तुमच्या बाबतीत ते ट्रॅकरपेक्षा आधी. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एखादी हरवली असेल तर आत्ताच पोलिसांत हरवल्याची नोंद करा, ती किल्ली गाडीतून पुसून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला ई-मेल करून ठेवा. गाडी दिसली नाही तर 112 ला फोन, त्याच दिवशी एफआयआर, मग कंपनी आणि आरटीओला कळवणं. एफआयआर लगेच झाला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तरी उशीर करून वाद ओढवून घेऊ नका. तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात ‘ए समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. पैसे सुटायला तो कागद लागतो आणि तो आपोआप घरी येत नाही, चौकीत जाऊन पाठपुरावा करावा लागतो.