स्ट्रोकचं कारण सापडलं नाही, आता पुढे काय?

प्रश्न : माझे पती ५८ वर्षांचे आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला. आता बरेच सावरले आहेत. एमआरआयवरून मेंदूत गुठळी अडकली होती असं कळलं. पण मानेच्या रक्तवाहिन्या, इको, ईसीजी, एका दिवसाचं होल्टर (अंगावर लावून हृदयाची लय नोंदवणारं यंत्र), सगळं नॉर्मल आलं. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू आहे. दुसरा झटका टाळण्यासाठी रक्त पातळ करणारं याहून जोरदार औषध मागावं का?

उत्तर : नाही, आत्ता तरी नाही. हा विचार डॉक्टरांनीही केला होता. अशाच रुग्णांमध्ये रक्त पातळ करणाऱ्या जोरदार गोळ्यांची, म्हणजे रिव्हरॉक्साबॅनची (२०१८) आणि डॅबिगॅट्रानची (२०१९) अ‍ॅस्पिरिनशी तुलना झाली. दुसरे स्ट्रोक कमी झाले नाहीत. रिव्हरॉक्साबॅनच्या चाचणीत तर रक्तस्राव वाढला आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली.

आग्रह धरायचाच असेल तर हृदयाची लय अधिक काळ तपासण्याचा धरा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्याची लय बिघडते, तिथे रक्त साचून गुठळी होते. हा बिघाड येतो-जातो आणि बहुतेक वेळा जाणवतही नाही. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये तो त्या दिवशी झाला तरच सापडणार. २०१४च्या एका अभ्यासात छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या लूप रेकॉर्डरने वर्षभरात सुमारे १२ टक्के रुग्णांत तो पकडला. नेहमीच्या तपासण्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. लूप रेकॉर्डर जमणार नसेल तर निदान दोन ते चार आठवड्यांचा मॉनिटर लावता येईल का, ते विचारा. लय बिघडल्याचं सापडलं तर मात्र औषध बदलतं. जोरदार गोळीचा उपयोग तिथे खरोखर होतो.

तोवर सर्वांत जास्त फायदा रक्तदाबातून मिळतो. तो १३०/८०च्या खाली हवा. घरी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे लिहून ठेवा. गप्पा मारत किंवा बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा हमखास चुकतो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती खाली आणायचं ते डॉक्टर ठरवतील. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असतील तर ७०च्या खाली. यजमान झोपेत मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. तंबाखू कोणत्याही रूपात असो, ती सुटायलाच हवी.

गोळ्यांबाबत दोन चुका आम्हाला फार काळजीच्या वाटतात. पहिली, दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करणं. दुसरी, जुनी चिठ्ठी दाखवून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारी दुसरी गोळी) दोन्ही महिनोन्‌महिने घेत राहणं. सौम्य स्ट्रोकनंतर ही जोडी साधारण पहिले २१ दिवस देतात. त्यानंतर रक्तस्रावाचा धोका फायद्यावर मात करू लागतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन रोज घेतलं तर अ‍ॅस्पिरिनचा परिणाम घटतो, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. स्ट्रोकनंतर हृदयाच्या पडद्यात पीएफओ नावाचं छिद्र सापडलं. ते बंद करून घ्यावं का?

उत्तर : हे छिद्र सुमारे चारातल्या एका प्रौढात असतं, त्यामुळे तेच कारण असेल असं लगेच धरू नका. पण वय १८ ते ६०, दुसरं कारण नाही, आणि छिद्रातून बरंच रक्त पलीकडे जातं किंवा पडदा सैल होऊन हलतो, असं असेल तर बंद केल्याने पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका खरोखर कमी होतो. निर्णय न्यूरॉलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून घ्यावा. त्याआधी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या घटकांची) रक्ततपासणी झाली आहे का पाहा. ती पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. छिद्र बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत धडधड जाणवली तर लगेच ईसीजी काढा, आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःहून थांबवू नका.