वाचकांचे प्रश्न : विसरलेल्या माणसांचा इतिहास लिहायचा तरी कशावरून?

मागच्या अंकात आपण नाव-गाव पुसलं गेलेल्या माणसांवरच्या इतिहासाच्या पुस्तकांबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही घेतोय. उत्तरं लांबलीत, पण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : अमेरिकेतल्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांच्या खुनांवरचा सिनेमा बघितला आणि मग डेव्हिड ग्रॅन यांचं 2017 चं ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हे पुस्तक मागवून वाचलं. बहिणी एकामागोमाग मरतात आणि खुनी घरातलाच निघतो. हे इतिहास म्हणून वाचायचं की थ्रिलर म्हणून? शंभर वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते लेखकाला कळलं कसं? – एक वाचक, सांगली

आधी सिनेमा बाजूला ठेवा. त्यातले संवाद सिनेमावाल्यांनी लिहिलेत, त्यांचं कामच ते. पुस्तकात मात्र अवतरणचिन्हात जे येतं ते साक्षी, जबान्या, तपासाच्या फायली, पत्रं, तेव्हाचे पेपर असं कुठून ना कुठून आलेलं असतं आणि शेवटी टिपांची पानंच्या पानं दिलीयत, जी बहुतेक लोक उघडतच नाहीत. (मी असं पुस्तक हातात आलं की आधी मागूनच उघडतो, घरचे हसतात.)

थ्रिलर वाटतं कारण मुळात गुन्हाच हिशोब मांडून केलेला होता. ओक्लाहोमात ओसेज लोकांच्या जमिनीखाली तेल निघालं. 1906 च्या कायद्यात त्यांनी जमिनीखालचा हक्क सगळ्या जमातीच्या नावावर एकत्र राखून ठेवलेला आणि त्याचे 2,229 वाटे पाडलेले. हा वाटा विकता यायचा नाही, फक्त वारसाने मिळायचा, आणि सगळी गोम तिथेच आहे बघा, कारण बाहेरच्या माणसाला तो हवा असेल तर एकच रस्ता, लग्न करून वारस व्हायचं आणि मग मधली माणसं जायची वाट बघायची, किंवा वाट न बघायची. पुस्तक जिच्या घराभोवती फिरतं त्या मॉली बर्कहार्ट या ओसेज बाईची एक बहीण 1918 मध्येच कसल्याशा आजाराने झिजून गेली होती, 1921 च्या मे महिन्यात दुसरी बहीण ॲना गोळी घातलेली सापडली, दोन महिन्यांत आई गेली, 1923 च्या मार्चमध्ये तिसऱ्या बहिणीचं घरच स्फोटात उडवलं. सगळे वाटे सरकत सरकत मॉलीकडे आणि तिच्यामागे कोण, तर नवरा अर्नेस्ट, आणि अर्नेस्टच्या मागे त्याचा मामा विल्यम हेल, गावातला मोठा मान्यवर. दोघांनाही जन्मठेप झाली आणि दोघंही पुढे पॅरोलवर सुटले, अर्नेस्टला तर 1966 मध्ये माफीसुद्धा मिळाली.

पण माझ्या मते पुस्तकाची खरी ताकद शेवटच्या भागात आहे. पहिले दोन भाग पोलिसी कथेसारखे पळतात, सरकारी तपासनीस टॉम व्हाइट येतो, हेल पकडला जातो, आणि पुढे एफबीआय झालेल्या त्या खात्याने ही केस स्वतःचं नाव मोठं करायला भरपूर वापरली. मृतांचा अधिकृत आकडा 24 आणि केस बंद. ग्रॅन तिथे थांबत नाही हे महत्त्वाचं. त्याला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या सरकारी अभिलेखागारात एक जुनी वही मिळते. त्या काळात बऱ्याच ओसेज लोकांना कायद्याने ‘स्वतःचे पैसे सांभाळायला असमर्थ’ ठरवून त्यांच्यावर पालक नेमले जायचे, बहुतेक गोरे. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात इस्टेटी सांभाळणारं कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे सरकारी खातं असायचं, ते अज्ञान वारसांसाठी वगैरे, इथे धडधाकट मोठ्या माणसांना स्वतःच्या पैशातून खर्च करायला पालकाची सही लागायची. तर त्या वहीत एका बाजूला पालकाचं नाव आणि त्याच्याखाली त्याच्या ताब्यातल्या माणसांची नावं, आणि एखादं माणूस गेलं की कारकुनाने नावापुढे नुसतं ‘मृत’ लिहिलेलं. कसा गेला, कशाने गेला, काही नाही. एका पालकाच्या ताब्यातले पाच आणि पाचांपुढे तोच शब्द. कारकुनाला त्यात काही वावगं दिसलं नसणार, तो आपला रजिस्टर नीट ठेवत होता, पण ते पान वाचल्यावर कळतं की हेल हा एकटा राक्षस नव्हताच, पालक, दुकानदार, डॉक्टर, वकील असे कितीतरी लोक त्यावर जगत होते आणि त्यातल्या बहुतेकांवर कधी खटलाच झाला नाही.

म्हणून इतिहास म्हणूनच वाचा. फक्त वाचताना प्रत्येक ठिकाणी विचारत जा की हा कागद कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला. साध्या माणसांबद्दलचा कागद बहुतेक वेळा त्यांच्यावर सत्ता असलेल्या कोणीतरीच लिहिलेला असतो. चांगला लेखक त्याच कागदाला उलटतपासणी घेतल्यासारखा बोलतं करतो आणि जिथे कागद गप्प आहे तिथे गप्प आहे असं सांगतो. वाईट लेखक तिथे पाऊस पाडतो, खिडकीत उभं करतो, मनातले विचार लिहितो.

प्रश्न : अशी पुस्तकं वाचून रात्री झोप लागत नाही. एवढं दुःख विकत घेऊन का वाचायचं? – एक वाचक, नाशिक

मग रात्री नका वाचू, दुपारी वाचा! गंमत सोडा, पण सक्ती कोणी केलेली नाही, पन्नास पानांत जीव गुदमरला तर ठेवून द्यावं. मला स्वतःला अशा पुस्तकात दुःखापेक्षा यंत्रणा बघायला आवडते, म्हणजे कुठला कायदा, कुठली सही, कुणाचा फायदा, आणि ते कळलं की नुसतं हळहळत बसायला होत नाही.

प्रश्न : मराठीत असं लेखन का होत नाही? आपल्याकडे काय अन्याय कमी झालेत? – एक वाचक, ठाणे

अजिबात होत नाही असं नाही, पण कमी होतं हे खरंय, आणि माझं मत जरा कडू आहे. आपल्याला ऐतिहासिक कादंबरीची इतकी सवय लागली की कादंबरीतलं वाक्य लोक भाषणात पुरावा म्हणून फेकतात. त्यात राजे, सरदार, वाडे, मोहिमा. वाड्यात राबणाऱ्या कुळंबिणीचं, म्हणजे दासीचं काय, मोहिमेतल्या बिगाऱ्याचं काय, ते कुणी विचारत नाही.

दुसरी बाजू अशी की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी स्वतःच लिहिलं. दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं ही मराठीची कमाई आहे, त्यांना कुणा संशोधकाची वाट बघावी लागली नाही. पण आत्मकथन लिहिणाऱ्याच्या आठवणीपर्यंतच जातं ना, त्याच्या आज्या-पणज्यापर्यंत जायला कागदच लागतात. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागायची, 1952 मध्ये कुठे तो कायदा गेला. त्या सेटलमेंटमधलं एक कुटुंब धरून तीन पिढ्या कोणी लिहिल्या तर मी रांगेत उभा राहून पुस्तक घेईन.

आणि कागद असला की काय होतं ते रखमाबाईंच्या बाबतीत दिसतं. लहानपणी लग्न, नवऱ्याने 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला येत नाही, 1887 मध्ये कोर्ट म्हणालं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि ही बाई तुरुंगात जायला तयार. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. खटला झाला म्हणून फाइल झाली, त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने पेपरात पत्रं लिहिली म्हणून त्यांचा स्वतःचा आवाजही राहिला. अशाच किती जणी गुपचूप नांदायला गेल्या असतील, त्यांची फाइल कुठून मिळणार?

प्रश्न : माझ्या आजोबांची आई मुळशी धरणात गेलेल्या गावातली. तिचं नाव सोडून आम्हाला काहीच माहीत नाही. शोधायला सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पुणे

हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर.

मुळशीचा सत्याग्रह 1921 ते 1924, सेनापती बापट, टाटांचं वीज काढायचं धरण, हे तुम्हाला माहीत असणारच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे नुसते कूळ. म्हणजे भूसंपादनाच्या निवाड्यात सावकाराचं नाव ठळक असेल आणि तुमच्या घराचं नाव नसेलच, तर त्यावरून ‘आमचं तिथे काही नव्हतं’ असं समजू नका. पैसे ज्याला मिळाले त्याचं नाव कागदावर, घर ज्याचं बुडालं त्याचं नसेलही.

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि ‘पणजीबद्दल सांगा’ असं विचारू नका, काही निघत नाही, त्यापेक्षा ‘दिवाळीला माहेरी कुठे जायची, जत्रा कुठली, मामा कोण यायचा’ असं विचारा, गावं आपोआप निघतात. मग पौडला, म्हणजे मुळशी तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून जुने फेरफार, कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद) आणि गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर मागा. बरंचसं मोडीत असेल, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा, पुण्यात मिळतात. नाशिक किंवा त्र्यंबकला कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद सापडू शकते.

आता मोठी अडचण. तुम्हाला जे नाव माहीत आहे ते सासरचं असायची दाट शक्यता आहे, लग्नात नाव बदलायचे, मग माहेरच्या कुठल्याच कागदात ते नाव सापडणार नाही. अशा वेळी तिला नका शोधू, तिच्या भावाला शोधा.

आणि हे सगळं करताना एक गोष्ट मुळीच सोडू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशी तालुक्यातूनच जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती, पुढे महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमल्या आणि आता ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, सोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तलाठ्याने किंवा सावकाराने लिहिलेला हा कागद नाही, बायका स्वतःबद्दल स्वतः बोलल्यात. पणजीच्या माहेरच्या आसपासची गावं कळली की तिथल्या ओव्या ऐका, एखादी गाणारी तुमच्याच भावकीतली निघाली तर आम्हाला जरूर कळवा. आणि हो, रेकॉर्ड रूममध्ये जाल तेव्हा सकाळीच जा, दुपारी जेवणानंतर काही खरं नसतं.