नवीन लग्न झालेल्या जोडप्याने मुंबईत घर कुठे घ्यावं? लांबचा फ्लॅट की जवळची एक खोली?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला चार महिने झालेत, तुमचं ऑफिस फोर्टला, बायकोचं अंधेरीला. बदलापूरला हवेशीर वन बीएचके मिळतोय, आणि थोडं जास्त भाडं मोजलं तर लालबागला चाळीत एक खोली. घरचे सगळे बदलापूर म्हणतायत.

खोली घ्या.

मी दोन्हीकडे राहिलेय. बदलापूरला चौदा महिने, लालबागला साडेतीन वर्षं. तुमच्या प्रश्नातलं ‘घरचे म्हणतात प्रवास काय, सगळेच करतात’ हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले. हेच वाक्य मला माझ्या मोठ्या दिरांनी ऐकवलं होतं.

आमचं लग्न फेब्रुवारी २०१४ चं. भाऊजींचा बदलापूर पूर्वेला स्वतःचा फ्लॅट होता, त्यांच्याच ओळखीने शेजारच्या बिल्डिंगमध्ये आम्हाला सहा हजारांत जागा मिळाली. हॉल, किचन, बेडरूम, वर छोटी गच्ची. समोर डोंगर. घर खरंच सुंदर होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझं ऑफिस सीएसटीला, आणि बदलापूर ते सीएसटी ६८ किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली तरी दीड तास, आणि गाडी पकडायला घरातून सहा पन्नासला बाहेर. नवऱ्याचं ऑफिस अंधेरीजवळ मरोळला, अकरा ते आठ. जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा वाटलं, सुटलो, आता दादरला पूल चढून गाडी बदलणं नको. वीसेक मिनिटं वाचली खरी, पण तेवढाच वेळ ऑफिसने जास्त थांबवून घेतला. तो साडेदहा-पावणेअकराला घरी यायचा. मी साडेआठला यायचे, गाडीतच निवडून आणलेली मेथी फोडणीला टाकायचे, त्याचं ताट झाकून ठेवायचे आणि दहाला झोपायचे, कारण पहाटे पाचला उठायचं असे. सकाळी मी निघायचे तेव्हा तो झोपेत.

मग आम्ही बोलायचो कसं? कॅलेंडरवर. स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय होतं, त्याला दोऱ्याने पेन बांधलेलं. ज्याला जे सांगायचं ते त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. ‘सिलिंडर नवीन लावला.’ ‘दूध तापवलेलं नाही.’ ‘मामांचा फोन आला होता, कर.’ ‘चावी वहिनींकडे.’ फोन होते की हातात, पण त्याला ऑफिसात फोन घेता येत नसे आणि मला गर्दीत पर्समधून काढता येत नसे. कॅलेंडर बरं पडायचं.

नोव्हेंबरात एका सकाळी मी गॅसची तारीख बघायला कॅलेंडरजवळ गेले. अकरा तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात होतं, ‘अंगात कसकस.’ बारा तारखेला, ‘ताप १०१. क्रोसिन संपल्या, आण.’ त्या दिवशी चौदा तारीख होती. दोन दिवस मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. मला उठवायला नको म्हणून तो हॉलमध्ये झोपला होता, आणि मी समजले मॅच बघता बघता तिथेच डोळा लागला असेल. जाऊन कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. ताप येऊन गेला होता.

एका छपराखाली राहून नवऱ्याला ताप आलेला मला तीन दिवसांनी कागदावरून कळला. त्या दिवशी मी रोजची गाडी सोडली आणि त्याला उठवून सांगितलं, आपण इथे राहायचं नाही.

भाऊजींना हे अजिबात पटलं नाही. ‘मी पंधरा वर्षं अपडाऊन करतोय, आम्ही काय मेलो? सगळेच करतात.’ मग, ‘खोलीत? नवीन लग्न झालेल्यांनी? उद्या पाहुणा आला तर बसवणार कुठे?’ सासूबाई गप्प होत्या. माझ्या आईने फोनवर फक्त एवढंच विचारलं, ‘संडास आत आहे का?’ आत नव्हता. गॅलरीच्या टोकाला, मजल्याला मिळून चार.

१ मे २०१५ ला आम्ही सामान हलवलं. सुट्टी म्हणून भाऊजीही टेम्पोबरोबर आले. मनातून राग होता तरी आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. सामान फार नव्हतं. पण एक लोखंडी कपाट होतं, साडेसहा फुटी, एका दाराला आरसा. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. सिन्नरहून ते स्वतः टेम्पोत कपाटाशेजारी बसून घेऊन आले होते.

खोली दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, मधे चौक आणि तिथून काटकोनात वळण. हमालांनी कपाट चौकापर्यंत नेलं आणि तिथे ते अडलं. उभं केलं की वर तुळईला लागे, आडवं केलं की कठडा वळू देईना. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. पाऊण तास. शेवटी हमालांनी ते खाली अंगणात आणून ठेवलं आणि म्हणाले, ‘ताई, हे नाही जायचं वर. इथेच कुणालातरी देऊन टाका.’ आणि मागून भाऊजी म्हणाले, ‘कपाट शिरत नाही तिथे संसार काय शिरणार?’

ते रागाने बोलले नाहीत, काळजीनेच बोलले असतील. पण ते वाक्य माझ्या काळजात जे रुतलं ते आजपर्यंत निघालेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि अख्खी चाळ गॅलरीतून बघत होती.

तेवढ्यात आमच्या समोरच्या खोलीतले काका खाली उतरले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले, ८२ च्या संपात घरी बसलेले. त्यांनी कपाटाला एक चक्कर मारली, वर गॅलरीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘जिना सोडा. बाहेरून घेऊ.’ मंडळाच्या पोरांना हाक मारली. ही पोरं गणपतीत मोठमोठ्या मूर्ती हलवणारी, त्यांना कपाट म्हणजे काय! त्यांनी दारं सुतळीने घट्ट बांधली, आतले कप्पे काढून माझ्या हातात दिले, आरशावर आमचीच गोधडी गुंडाळली. एक दोर कपाटाच्या पोटाखालून, एक मधोमध. कठडा दोराने कापला जाऊ नये म्हणून त्यावर पोतं आणि बांबू. सहा जण वर ओढायला. दोघे खाली, कपाट भिंतीवर आपटू नये म्हणून बाहेरच्या बाजूला ताण देणारा तिसरा दोर धरून. काका अंगणाच्या मधोमध उभे राहून नुसता हात वर-खाली करत होते. ‘घ्या. घ्या. थांबा. आस्ते.’ पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दोरीवरचे कपडे काढले आणि कपाट त्यांच्यासमोर आलं तेव्हा दोन्ही हात पुढे करून त्याला कठड्यापासून लांब ढकललं. वीस मिनिटांत कपाट दुसऱ्या मजल्यावर. डाव्या कोपऱ्याला एक पोचा आला, तेवढंच. आरसा शाबूत.

खाली दोर धरलेल्या दोघांपैकी एक मंडळाचा पोरगा होता. दुसरे भाऊजी होते.

आता त्या खोलीत आमचं काय चाललं होतं ते सांगते. दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. गादी उचलल्याशिवाय कपाटाचं दार पूर्ण उघडत नसे, म्हणून जो आधी उठेल त्याने दुसऱ्याला उठवायचं. पाणी पहाटे पाच ते सव्वासहा. पिंप तो भरायचा, चहा मी करायचे, आणि सहा ते साडेआठ आम्ही जागे असायचो. एकत्र. साडेआठला मी चालत करी रोडला जायचे आणि पंधरा मिनिटांत सीएसटी. नवरा पूल ओलांडून लोअर परळहून अंधेरी, पुढे मेट्रो. मी साडेसहाला घरी, तो नऊच्या आत. जेवून आम्ही मसाला गल्लीपर्यंत फिरायला जायचो, कधी भारतमाता थिएटरला रात्रीचा खेळ. आमची पहिली खरी भांडणं त्या खोलीत झाली, कारण बदलापूरला भांडायला दोघं एका वेळी जागेच नसायचो. रुसून दुसऱ्या खोलीत जाता येत नसे, म्हणून भांडण त्याच रात्री मिटवावं लागे.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर त्याच वर्षी गणपतीत भाऊजी, वहिनी, दोन्ही मुलं आणि वहिनींची बहीण राजाच्या रांगेत रात्रभर उभी राहून पहाटे आमच्याकडे आली. गॅलरीत चटई टाकली, समोरच्या काकांनी आपली खोली उघडून दिली. सगळे झोपले, सगळे जेवले. बदलापूरच्या हॉलमध्ये चौदा महिन्यांत एकही माणूस मुक्कामाला आला नव्हता. कोण येणार, आम्हीच घरी नसायचो.

काका सांगायचे, त्यांचे वडील कोकणातून आले तेव्हा असल्याच एका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची. जेवण खानावळीत. बीडीडी चाळींमधल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, त्यात लोकांची तीन तीन मुलं शिकली. ‘जागा लहान म्हणून संसार मोडला असं मी बघितलं नाही,’ काका म्हणायचे. दिवस दिवस एकमेकांचं तोंड न बघितल्याने काय होतं, ते मी बघितलंय.

म्हणून ‘सगळेच करतात’ हे कारण मला कुणी देऊ नये. सगळे करतात कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. तुमच्याकडे आहे. भाऊजींना तेव्हा दोन मुलं होती, हप्ता होता. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. मग त्यांच्या पंधरा वर्षांची शिक्षा आम्ही का भोगायची?

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. लालबागच्या बऱ्याच खोल्या पागडीच्या आहेत, म्हणजे भाडेकरूने एकरकमी पैसे देऊन राहण्याचा हक्क घेतलेल्या. तुम्हाला खोली देणारा स्वतःच भाडेकरू असू शकतो, आणि मूळ मालकाच्या संमतीशिवाय त्याने पोटभाडेकरू ठेवणं कायद्यात बसत नाही. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आम्ही बघितलं नाही. खोलीवाल्याने नोंदणीकृत करार करायला नकार दिला, साध्या कागदावर भागवलं, आणि मग गॅसपासून पासपोर्टपर्यंत पत्त्याचा पुरावा मिळेना. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची. तो टाळाटाळ करत असेल तर ती खोली सोडा, दुसरी बघा.

एकांत कमी. दिवसा दार लावलं की कुणीतरी ठोठावून विचारतंच, बरं नाही का. तुमच्या बायकोला हे चालेल का, ते तिलाच विचारा. तुमच्या प्रश्नात तिचं मत कुठेच नाही. तिला अंधेरी गाठायचीय म्हणजे लोअर परळ किंवा दादर तिला सोयीचं. तुम्हा दोघांपैकी एकाला आठवड्यातले तीन दिवस घरून काम असेल तर मात्र माझं अर्धं उत्तर बाद, एका खोलीत दोन लॅपटॉप आणि दोन मीटिंगा चालत नाहीत.

आम्ही २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये खोली सोडली. मला सातवा महिना होता आणि रात्री तीनदा गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं जमेना. आता भांडुपला आहोत. भाऊजी म्हणतात, बघ, शेवटी सोडावी लागलीच ना. सोडली, पण साडेतीन वर्षांनी, मूल येणार म्हणून सोडली. त्या साडेतीन वर्षांत मला कुणाचा ताप कागदावरून कळला नाही.

खोली बघायला दुपारी जाऊ नका. एकदा पहाटे पाचला जाऊन पाणी किती वेळ आणि किती जोराने येतं ते बघा, एकदा रात्री नऊला. पावसाळ्यात पोटमाळ्याच्या फळ्यांवर हात फिरवून बघा, ओल असेल तर लगेच कळते. आणि लग्नातलं कपाट असेल तर खोलीच्या दाराची उंची मोजत बसू नका, जिन्याचं वळण मोजा.