पाचव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत, तर?

प्रश्न : पाळी चुकून आठवडा झाल्यावर घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि आम्ही लगेच सोनोग्राफी करून घेतली. अहवालात गर्भाशयात फक्त सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी दिसते, हृदयाचे ठोके दिसत नाहीत; दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. डॉक्टर पाच आठवडे म्हणतात, आमच्या हिशेबाने तीनच होतात. मला मळमळ अजिबात नाही, त्यामुळे गर्भ नीट धरला नसावा असे सासूबाईंना वाटते. मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोलीला जाते. रजा घेऊन पडून राहावे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचा आणि डॉक्टरांचा, दोघांचाही हिशेब बरोबर आहे. गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतो, म्हणून डॉक्टरांच्या पाच आठवड्यांत तुमचे तीन बसतात. या वेळी सोनोग्राफीत बहुधा सॅकच दिसते. ठोके साधारण सहाव्या ते सातव्या आठवड्यात दिसू लागतात आणि स्त्रीबीज उशिरा सुटले असेल, तर आणखी काही दिवस लागतात. तपासणी लवकर झाली, एवढाच या अहवालाचा अर्थ आहे. पुढे सारे सुरळीतच होईल, अशी हमी आज कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. पण काही बिघडले आहे, असेही हा अहवाल म्हणत नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या सेंटरवर जाऊन पुन्हा सोनोग्राफी करू नका, त्यातून फक्त काळजी वाढेल.

उलट्यांबद्दल सासूबाईंना आदराने सांगा की मळमळ बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि काहींना ती शेवटपर्यंत होत नाही. छाती जड व हुळहुळी वाटणे, दुपारीच गळून गेल्यासारखे होणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात पाळीसारखी सौम्य कळ येणे, ही लक्षणे या दिवसांत नेहमीची आहेत. मात्र ती किती तीव्र आहेत, यावरून गर्भाची प्रकृती ठरवता येत नाही.

फॉलिक अॅसिड सुरू केले नसेल, तर ते मात्र आजच सुरू करा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे नीट उमगण्याआधीच. सर्वसाधारण मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम असते; मधुमेह किंवा फिट्सची औषधे चालू असल्यास ती वाढवावी लागते, पण ते डॉक्टर ठरवतील. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर ते थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा. डोके दुखले म्हणून आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

प्रवासाने किंवा जिना चढण्याने गर्भ पडत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांमागे बहुतांश वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण असे झाले की घरोघरी बाईच्याच चालण्याबोलण्यात चूक शोधली जाते. पडून राहण्याने गर्भ टिकतो, असेही दिसून आलेले नाही. लोकलमध्ये बसायला जागा मागा, जवळ पाणी आणि थोडे खाणे ठेवा.

तुमची सॅक गर्भाशयातच दिसल्यामुळे गर्भ गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत असण्याची भीती बरीच कमी झाली आहे. ज्यांची सोनोग्राफी झालेली नाही, त्यांनी ओटीपोटात एका बाजूला टिकून राहणारे दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. डागापुरता स्राव अनेकींना होतो, तरी तो डॉक्टरांना कळवावा. पाळीपेक्षा जास्त रक्त गेल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : खासगी तपासण्यांचा खर्च आम्हाला झेपणार नाही. कोठे जावे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : जवळच्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. तेथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही व लघवीच्या तपासण्या होतात. रक्तगट निगेटिव्ह निघाला, तर ते कार्डावर ठळक लिहून घ्या. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या 9 तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या 5,000 रुपयांची चौकशी नोंदणीच्या वेळीच आशाताईंकडे करावी.