बेळगावहून दुपारच्या विमानात जागा असूनही बॅग मागे का ठेवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमध्ये आईला घेऊन तुम्ही सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, दुपारच्या विमानानं मुंबईला गेलात. विमानात सात-आठ सीट रिकाम्या होत्या, तरी आईची औषधं असलेली बॅग आली नाही. काउंटरवर "लोडमुळं राहिली" एवढंच सांगितलं. एवढी लांब धावपट्टी, जिथून १९६१ साली लढाऊ विमानं उडाली, तिथून एक बॅग जास्त का नेता येत नाही? ही फसवणूक आहे का? आणि मागच्या पावसाळ्यात तुमचं विमान बेळगावावर घिरट्या घालून गोव्याला गेलं, तेही ह्याच कारणानं का?

मी मूळचा शहापूरचा. अकरा वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान किती वजन घेऊन निघू शकतं, त्याचा हिशेब करणं हे त्या कामातलं एक मोठं काम. बॅग राहिली ही फसवणूक नाही. पण तुम्हाला नीट सांगितलं नाही ही चूक आहे, आणि त्याबद्दल तुमचा राग मला पटतो.

आधी सीटचं बघू. विमानाला सीट कळत नाहीत, किलो कळतात. मी कामावर होतो तेव्हा मोठ्या माणसाचं वजन हातातल्या पिशवीसकट ७५ किलो धरायचो. आठ सीट रिकाम्या म्हणजे सहाशे किलो कमी. पण त्या दिवशी मुंबईवर गर्दी किंवा ढग असतील, तर घिरट्यांसाठी आणि दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी जास्तीचं इंधन घ्यावं लागतं, आणि ते सहाशे किलो तिथंच संपतात. सीट रिकाम्या दिसतात, इंधन दिसत नाही.

आता सांबऱ्याची हवा. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २,४८७ फुटांवर आहे. विमानाचे सगळे तक्ते एका प्रमाण हवेवर बेतलेले असतात: समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी. म्हणजे सांबऱ्याच्या उंचीवर 'प्रमाण' तापमान १० अंश. एप्रिलात पहाटे २० अंश असतात, दुपारी ३७. प्रमाणापेक्षा जास्तीच्या प्रत्येक अंशाला हवा जणू १२० फूट आणखी उंचावरची असल्यासारखी विरळ होते. करून बघा. पहाटे दहा अंश जास्त, म्हणून १,२०० फूट. धावपट्टी जणू ३,७०० फुटांवर. दुपारी सत्तावीस अंश जास्त, म्हणून ३,२४० फूट. धावपट्टी जणू ५,७०० फुटांवर. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे. म्हणजे दुपारी दोन वाजता सांबऱ्याहून निघणारं विमान कळसूबाईच्याही वरून निघाल्यासारखं असतं. आमच्या भाषेत ह्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

विरळ हवेत तीन गोष्टी एकदम बिघडतात. पंखाला तेवढीच उचल मिळवायला जास्त वेगानं धावावं लागतं. इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून जोर कमी पडतो आणि तो वेग यायला जास्त अंतर लागतं. आणि थांबायची वेळ आलीच, तर त्या जास्तीच्या वेगाची सगळी ताकद ब्रेकवर येते. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेशी तुलना केली तर आपल्या दुपारच्या हवेत खरा वेग नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त लागतो. ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या घरात.

तुम्ही म्हणाल, धावपट्टी २,३०० मीटर आहे की. होय, पूर्वी ती १,८०० मीटरच्या थोडी वर होती, नंतर वाढवली. विमान तर अर्ध्यातच उचललं जातं, हे तुम्ही खिडकीतून बघितलं असेल. मग उरलेली धावपट्टी कशाला?

ती उरलेली धावपट्टी त्या दिवशी न घडलेल्या गोष्टीसाठी असते. नियम असं विचारतो: टेकऑफच्या धावेत, सगळ्यात वाईट क्षणाला, एक इंजिन बंद पडलं तर? तो क्षण म्हणजे 'व्ही वन' हा वेग. त्याच्या आत बिघाड कळला तर विमान थांबवायचं, आणि उरलेल्या पट्टीत ते थांबलंच पाहिजे. त्याच्यापुढं गेल्यावर कळला तर थांबायचं नाही, एका इंजिनावर उडायचं, आणि ठरलेलं अंतर संपायच्या आत चाकं जमिनीपासून ३५ फूट वर गेली पाहिजेत. तिसरी मोजणी दोन्ही इंजिनं ठणठणीत असतानाची, पण त्यात १५ टक्के जास्त अंतर धरायचं. ह्या तिन्हींतलं जे अंतर सर्वात मोठं, ते उपलब्ध लांबीत बसलं पाहिजे. बसत नसेल तर लांबी वाढवता येत नाही, वजन कमी करावं लागतं. वाऱ्याचा फायदासुद्धा पुरता घेऊ देत नाहीत: समोरचा वारा असेल तर हिशेबात त्याचा निम्माच धरायचा, मागचा असेल तर दीडपट.

इथवरचं लोकांना पटतं. ह्यापुढची अट कमी जणांना माहीत असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बऱ्याचदा तीच आडवी येते. विमान जमिनीवरून सुटलं, चाकं आत गेली, एक इंजिन बंद आहे. तशा अवस्थेत दोन इंजिनांच्या विमानाला किमान २.४ टक्के चढ साधला पाहिजे, म्हणजे हजार मीटर पुढं गेल्यावर २४ मीटर वर. इतका हलका चढ आपल्या चोर्ल्याच्या घाटात तुम्हाला चढ वाटणारही नाही, पण एका इंजिनावर, विरळ हवेत, भरलेल्या विमानाला तो जड जातो. आणि हा आकडा धावपट्टीच्या लांबीवर ठरत नाही. वजन, उंची आणि तापमान ह्या तिघांवर ठरतो. उद्या सांबऱ्याची पट्टी तीन हजार मीटर केली तरी ३७ अंशांची दुपार ३७ अंशांचीच राहणार. शिवाय पुढच्या वाटेवरचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, टेकड्या ह्यांच्यावरून जाताना चढाच्या हिशेबातून आणखी ०.८ टक्के मुद्दाम कापायचे, आणि तरीही ३५ फुटांचं अंतर राखायचं.

आता १९६१. गोवा मुक्तीच्या वेळी डिसेंबरात सांबऱ्याहून हंटर विमानं गेली आणि त्यांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला केला, हे खरं आहे. आमच्या गल्लीतले म्हातारे त्या आवाजाबद्दल अजून बोलतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच विमानात आहे. हंटरला इंजिन एकच. ते बंद पडलं तर दुसऱ्या इंजिनावर चढायचा प्रश्नच नव्हता. वैमानिकाच्या बुडाखाली बाहेर फेकणारी सीट होती आणि पाठीला पॅराशूट. तो जवान ती जोखीम जाणून बसला होता. तुमच्या आईच्या सीटखाली तसं काही नाही, म्हणून तिच्यासाठी हा सगळा हिशेब आधी कागदावर करून ठेवावा लागतो.

हा हिशेब मी एकदा चुकवला आहे. ते दुसऱ्या राज्यातलं, आपल्यापेक्षा गरम गाव होतं. विमान साडेअकराला निघायचं होतं, मी ३१ अंश धरून वजन काढलं. येणारं विमान उशिरा आलं, निघायला अडीच वाजले. मधल्या धावपळीत प्रवाशांची यादी बदलली, इंधन बदललं, ते सगळं मी नव्यानं मांडलं. तापमान मात्र तेच ठेवलं. कॅप्टननं कागद हातात घेतला, बाहेरच्या तापमानाच्या काट्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे ३१ कुठलं? मला ३८ दिसतायत." चारशे किलोंवर सामान उतरवावं लागलं. लोक खिडकीतून आपापल्या बॅगा परत गाडीवर चढताना बघत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बॅगा उतरवल्या म्हणून नव्हे. कॅप्टननं विचारलं नसतं तर ते विमान आरामात उडालं असतं, दोन्ही इंजिनं चालू राहिली असती, लोक घरी पोचले असते, आणि माझी चूक कुणालाही, मलासुद्धा, कधीच कळली नसती. विमान उडालं म्हणून वजन बरोबर होतं असं ठरत नाही. त्यानंतर निघायला अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला की मी आधी तापमान नव्यानं विचारायचो, मग बाकीचं.

उतरण्याचा नियम वेगळा आहे. विमान धावपट्टीच्या सुरुवातीला ५० फुटांवरून येतं असं धरून ते पूर्ण थांबायला किती अंतर लागतं, हे चाचणीत मोजलेलं असतं. कोरड्या पट्टीच्या ह्या मोजणीत इंजिनाच्या उलट्या जोराचा फायदा धरत नाहीत, फक्त ब्रेक. निघण्याआधी असं बघतात की जेट विमानाचं हे अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे; मोठे पंखे असलेल्या टर्बोप्रॉपला बहुतेक देशांत ७० टक्क्यांची मुभा आहे. पट्टी ओली असणार असेल तर आणखी १५ टक्के लांबी हवी. जेटसाठी २,३०० मीटरवर करून बघा: कोरड्यात १,३८० मीटरमध्ये थांबणारं विमान चालेल, ओल्यात १,२०० मीटरमध्ये थांबणारंच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पट्टी कोरडी किती दिवस असते ते तुम्हीच जाणता.

एवढी राखीव जागा कशाला, असं कुणी विचारलं की मला मंगळूर आठवतं. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान. १६६ माणसं होती, १५८ गेली. तिथली धावपट्टी आपल्यापेक्षा लांब, २,४५० मीटर. पण विमान टेकलं ते सुरुवातीपासून ५,२०० फुटांच्या आसपास, म्हणजे दोनतृतीयांश पट्टी मागं टाकून. पुढं राहिली ९०० मीटरांच्याही आत, आणि पठार संपलं की दरी. सहवैमानिकानं पुन्हा वर जायला सांगितलं होतं. कागदावर लांबी पुरेशी होती, चाकाखाली नव्हती.

म्हणून घिरट्या घालून गोव्याला गेलेल्या तुमच्या विमानाबद्दल मी एवढंच म्हणेन की त्या वैमानिकानं योग्य केलं. पावसात कारण बहुतेक वेळा वजन नसतं. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आल्यावर पट्टी दिसली नाही, किंवा मागून वारा जास्त आला, तर वर जायचंच असतं. तिथंही एका इंजिनावर २.१ टक्के चढ साधेल इतकंच वजन घेऊन यायचं, असा नियम आहे. आणि वर गेल्यावर गोव्यापर्यंत पोचायला जे इंधन लागलं, ते निघतानाच भरलेलं होतं. कदाचित त्या दिवशी त्याच इंधनासाठी कुणाची तरी बॅग मागं राहिली असेल.

तुमच्या बॅगेचं आता. काउंटरवरच्या मुलीनं "आज तापमान जास्त आहे, विमानाला एवढंच वजन नेता येतं, तुमची बॅग पुढच्या विमानानं येईल" अशी दोन वाक्यं बोलायला हवी होती, आणि तीही तुम्ही विमानात बसायच्या आधी. मग औषधं काढून घेता आली असती. ह्यात कुठलंच गुपित नाही.

पुढच्या वेळी एवढं करा. औषधं, चष्मा, कागदपत्रं आईच्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनला देऊ नका. मार्च ते मेमध्ये शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या. पहाटेची आणि दुपारची ती दोन हजार फुटांची तफावत वर दिलीच आहे. कुंद्याचे डबे आणि तांदळाची पिशवी नातेवाइकांसाठी न्यायची असेल तर ती वेगळ्या बॅगेत भरा, म्हणजे राहिली तरी अडत नाही. आणि बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी तिथल्या डेस्कवर लेखी तक्रार नोंदवून घ्या. त्या कागदाला पीआयआर म्हणतात. त्यावरचा नंबर आणि बॅगेच्या टॅगची चिठ्ठी जपून ठेवा. घरचा पत्ता त्यावर नीट लिहा, कारण बॅग घरी पोचवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, तुम्ही परत विमानतळावर जायची गरज नाही.