मालिश शिकायला लागलास, तर एवढं लक्षात ठेव

मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचे खांदे आणि कंबर तुझ्याकडे सर्वात जास्त येतील. दुखतं तिथे लगेच अंगठा रुतवू नकोस. आधी कोमट खोबरेल घेऊन तळहाताने चोळ, स्नायू सैल होऊ दे. मग कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन टाक. नुसत्या अंगठ्यांवर जोर काढलास तर तुझेच अंगठे कामातून जातील. गाठ लागली की दाब धरून थांब, माणसाला श्वास सोडू दे. गुडघ्यामागच्या खळगीत मात्र दाब नकोच, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर हात लावू नकोस! रक्ताची गुठळी असू शकते. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठव. निर्गुडीच्या पाल्याचा शेक वगैरे सावकाश शिकशील.