नवरा ट्रकवर, घरात आठ महिन्यांचं बाळ. एकटीने कसं निभावायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा चाकणहून ट्रेलर घेऊन जातो, पंधरा-वीस दिवसांनी येतो, सासर लातूरकडे, पुण्यात जवळचं कोणी नाही. बाळ बापाकडे जात नाही आणि ते घरी आले की दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. मी निगडीत राहते. आमचे हे १४ वर्षं लाइनवर आहेत. आधी दुसऱ्याच्या गाडीवर होते, आता कर्जावर घेतलेली आमची चौदा टायरची गाडी आहे. त्यामुळे तुमचं सगळं ओळखीचं वाटलं.

आधी भांडणाचं सांगते, कारण मला एकटेपणापेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला. चेन्नईकडची ट्रिप म्हणजे नुसतं जाणंच सुमारे १,२०० किलोमीटर. गाडी खाली व्हायची वाट बघा, मग रिटर्न भाड्याची. असा माणूस झोपेला आसुसलेला घरी यायचा आणि मी दारातच सुरू करायची: गॅस संपलाय, फी भरायचीय, सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात. ते चिडायचे, मी रडायची. मला वाटायचं, यांना घराची काळजीच नाही. खरं कारण कळायला पाच-सहा वर्षं गेली. आपल्यावाचून घरात काही अडत नाही हे त्यांना घरात पाऊल ठेवताच दिसायचं आणि ते मनाला लागायचं. आता पहिला दिवस आंघोळ, गरम भाकरी आणि झोप, बाकी काही नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी. शिवाय एक-दोन कामं मी मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवते. शाळेत जाऊन बाईंना भेटणं त्यांचंच. ते येईपर्यंत थांबता येत असेल तर मी थांबते.

लपवाछपवी करू नका. एकदा मुलीला तीन दिवस ताप होता. ते गाडीवर आहेत, उगाच काळजी नको, म्हणून मी बोलले नाही. त्यांना दिरांकडून कळलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला सांगायचंच नसेल तर मी पळतोय कुणासाठी?" तेव्हापासून सगळं सांगते, पण फोन लागला की आधी विचारते, गाडी कुठे उभी आहे? चालू असेल तर लगेच ठेवते. रात्रीचं वाईट सकाळी सांगितलं तरी चालतं, पण स्टिअरिंगवर असताना कधीच नाही.

आणि धास्ती. एकदा रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यांचा फोन बंद होता. लोडिंगच्या वेळी पडून फुटला होता, बाकी काही झालं नव्हतं. पण माझ्याकडे यांच्याशिवाय एकही नंबर नव्हता, गाडीचा नंबरसुद्धा पाठ नव्हता. ती रात्र मी विसरणार नाही. आज कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: गाडीचा नंबर, ट्रान्सपोर्ट ऑफिसचा, क्लीनरचा, यांचा रक्तगट, हायवेच्या मदतीचा १०३३ आणि ११२. तुम्ही आजच गाडीमालकाचा नंबर मागून घ्या. आमचा फास्टॅग माझ्या मोबाइलला जोडलाय. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलचे मेसेज येत राहतात आणि फोन न करताही गाडी कुठवर पोचली ते कळतं.

मालकाला हेही स्पष्ट विचारा, गाडीच्या विम्यात ड्रायव्हर धरलाय का? बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा मात्र कुणाला न विचारता काढा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मेअखेरीस ते पैसे खात्यातून कापले जातात, तेव्हा खातं रिकामं ठेवू नका.

पुण्यात आपलं कोणी नाही म्हणता, पण रात्री दोनला दार वाजवता येईल असं एक घर आधीच ठरवून ठेवा. माझ्यासाठी ते खालच्या मजल्यावरच्या काकूंचं आहे. त्यांचे यजमानही गाडीवर होते. एक किल्ली त्यांच्याकडे असते. अंगणवाडीच्या ताईंशीही ओळख वाढवा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आहे. ती नवऱ्याच्या ट्रिपसाठी पुढे ढकलू नका, शेजारच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा.

राहिलं बाळ. या वयात मुलं अनोळखी चेहऱ्याला घाबरतातच, त्यात तुमच्या नवऱ्याचा दोष नाही. हे त्यांनाही सांगा, कारण त्यांच्या मनाला लागलं असणार. आल्या आल्या बाळ त्यांच्या हातात देऊ नका. तुमच्या मांडीवर असू दे आणि ते शेजारी बसू देत. रोज रात्री गाडी थांबली की त्यांचा आवाज बाळाला ऐकवा. ते घरी असतील तितके दिवस दुसऱ्या दिवसापासून तेल लावणं आणि आंघोळ त्यांनाच करू द्या. पाणी जास्त झालं, साबण डोळ्यांत गेला, असं दहादा वाटेल. बाळ रडेलही. तुम्ही दाराबाहेर थांबा, लगेच आत धावू नका.